मठाची पत्रिका छापायला देताना
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मठाच्या किंवा संप्रदायाच्या कार्यक्रमाची पत्रिका आमच्या छापखान्यात देण्याआधी हा कागद घरी नीट वाचावा, ही विनंती. गेल्या वर्षीची पत्रिका पुढे करून 'फक्त तारीख बदला' असं सांगणारे पुष्कळ जण येतात. आम्ही तसं करत नाही. गुरूंची नावं कोणत्या क्रमाने आणि कोणत्या उपाधीने आली आहेत, यावरून भक्त परंपरा ओळखतात. तो क्रम बिघडला की ज्यांनी उभं आयुष्य त्या गादीला वाहिलं त्यांच्या मनाला लागतं, आणि त्यांचं दुखावणं रास्तच असतं.

आमचा पहिला प्रश्न असा असतो : तुमची परंपरा पीठाची की अनुग्रहाची?

पीठाच्या परंपरेत गादी एक आणि तिच्यावरचे अधिपती एक. शृंगेरी, द्वारका, पुरी आणि ज्योतिर्मठ ही आदि शंकराचार्यांच्या नावाने चालणारी चार पीठं सर्वांना माहीत आहेत. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यातलं संकेश्वर-करवीर पीठही आपला वारसा शंकराचार्यांपर्यंत नेतं. अशा ठिकाणी गुरू बहुधा आपल्या हयातीतच शिष्य निवडून त्याला संन्यास देतात. शृंगेरीत भारतीतीर्थ स्वामींनी 2015 साली विधुशेखर भारतींना असंच उत्तराधिकारी केलं.

संन्याशाच्या नावातला शेवटचा शब्द जागा पुरत नाही म्हणून गाळता येत नाही. तीर्थ, आश्रम, वन, अरण्य, गिरी, पर्वत, सागर, सरस्वती, भारती, पुरी ही दशनामी संन्याशांची दहा नावं आहेत आणि दीक्षा कोणत्या शाखेत झाली ते त्यावरून कळतं. पण 'तीर्थ' दिसलं की शंकराचार्यांचीच परंपरा, असं धरून चालू नका. मध्वाचार्यांच्या परंपरेतले यतीही 'तीर्थ' लावतात. गोव्यातल्या पर्तगाळी मठाचे स्वामी 'तीर्थ' आहेत आणि तो मठ वैष्णव आहे. कवळे मठ स्मार्त, म्हणजे शंकराचार्यांच्या परंपरेतला आहे. आपल्याकडच्या सारस्वत घरांत दोन्ही मठांचे शिष्य भेटतात, तेव्हा आडनावावरून मठ ठरवू नका, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

लिंगायत मठांच्या पत्रिकेत सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. 'ष. ब्र.' म्हणजे षट्स्थलब्रह्मी. ही उपाधी पंचाचार्यांच्या, म्हणजे पाच मूळ आचार्यांच्या, परंपरेतल्या शिवाचार्य स्वामीजींना लागते. हिरेमठ बहुधा याच परंपरेतले. रंभापुरी, उज्जयिनी, केदार, श्रीशैल आणि काशी ही त्यांची पाच पीठं. 'श्री म. नि. प्र.' म्हणजे श्रीमन्निरंजन प्रणवस्वरूपी. ही विरक्त मठांच्या स्वामीजींची उपाधी. विरक्तांची परंपरा बाराव्या शतकातले संत अल्लमप्रभू यांच्या गादीचं, म्हणजे शून्यपीठाचं, स्मरण करते. या दोन उपाध्यांची अदलाबदल म्हणजे स्वामीजींना दुसऱ्याच परंपरेत नेऊन बसवणं. कन्नड मजकुरातले दिव्य सान्निध्य, सान्निध्य, नेतृत्व, सम्मुख हे मानही मराठीत आणताना एकाच 'प्रमुख उपस्थिती'खाली कोंबू नयेत. प्रत्येकाची पायरी वेगळी आहे.

गादीवरचे स्वामीजी बदलतात, म्हणून जुनी पत्रिका चालत नाही. 2018 साली गदगच्या तोंटदार्य मठाचे सिद्धलिंग स्वामीजी लिंगैक्य झाले, म्हणजे त्यांनी देह ठेवला, आणि बेळगावच्या नागनूर रुद्राक्षी मठाचे सिद्धराम स्वामीजी त्या पीठावर गेले. म्हणजे एका घटनेने दोन मठांच्या पत्रिका बदलल्या.

आता अनुग्रहाची, म्हणजे गुरूंकडून नाम घेण्याची परंपरा. इथे गुरू एक आणि वारस अनेक असू शकतात, आणि गुरू बहुतेकदा संसारी असतात. इंचगेरी संप्रदायाचं उदाहरण घ्या. निंबर्गी महाराज आणि त्यांचे शिष्य उमदीचे भाऊसाहेब महाराज, इथपर्यंत नावं सारखी. पुढे एका पत्रिकेत अंबुराव महाराज आणि निंबाळचे गुरुदेव रानडे येतात. बेळगावात हिंदवाडीला गुरुदेवांचं मंदिर आहे. दुसऱ्या पत्रिकेत सिद्धरामेश्वर महाराज आणि त्यांचे मुंबईतले शिष्य निसर्गदत्त महाराज येतात. दोन्ही बरोबर आहेत. एकीचा मजकूर पाहून दुसरी 'दुरुस्त' करायला सांगू नका.

बाळेकुंद्रीचे पंत महाराज (1855–1905) शिक्षक होते, गृहस्थ होते. त्यांच्या नावामागे '1008' किंवा 'जगद्गुरू' या पीठाधिपतींच्या उपाध्या लावण्याचं कारण नाही; मजकुराच्या माथ्यावर 'अवधूत चिंतन' हवं. अनगोळच्या हरिमंदिराच्या कलावती आईंचे गुरू हुबळीचे सिद्धारूढ स्वामी, पण आईंच्या नावापुढे 'आई' हेच लागतं. वारकरी सप्ताहाच्या पत्रिकेत कीर्तनकाराचा फड (वारकऱ्यांचा परंपरागत गट) किंवा गुरूंचं नाव विचारून घ्या. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत (स्थापना 1917) शिकलेले महाराज बहुधा तोही उल्लेख करायला सांगतात.

पुण्यस्मरणाच्या पत्रिकेत 'कै.' सरसकट चालत नाही. लिंगायत स्वामीजी लिंगैक्य, वारकरी महाराज वैकुंठवासी, संन्यासी ब्रह्मीभूत, माध्व यती वृंदावनस्थ.

चातुर्मासाच्या तारखाही तपासा. वारकऱ्यांचा चातुर्मास आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत असतो. संन्याशांचा व्यासपूजेने आषाढ पौर्णिमेला सुरू होतो आणि बहुतेक मठांत भाद्रपद पौर्णिमेला संपतो, कारण ते पक्षालाच, म्हणजे पंधरवड्यालाच, मास मानतात. 'चार महिने' असं ठोकून छापलं, तर स्वामीजींचा मुक्काम हलल्यावर भक्त दर्शनाला येऊन परत जातील.

देणगीच्या पावतीपुस्तकावर मठाचं किंवा ट्रस्टचं नोंदलेलं नाव येईल. स्वामीजींचं वैयक्तिक नाव देणगी घेणारे म्हणून आम्ही छापत नाही. मठाधिपतींना मठाच्या संपत्तीवर अधिकार असतो, पण ती त्यांची खासगी मालमत्ता नसते. उडुपीच्या शिरूर मठाच्या 1954 सालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मठाधिपतींच्या या अधिकाराची सविस्तर चर्चा केली आहे.

मजकूर आणताना मठातून लिहून घेतलेला कागद आणा, व्हॉट्सॲपवर फिरून आलेला नको. फोटो असतील तर मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव आणि क्रमांक लिहा. पत्रिका कन्नड आणि मराठी दोन्हींत असेल तर दोन्ही प्रुफं मठातल्या जाणत्या माणसाला दाखवून त्यांची सही घ्या. गुरुपौर्णिमेच्या आधी कामाची गर्दी असते, तेव्हा मजकूर पंधरा दिवस अगोदर द्यावा. सहीचं प्रूफ हातात आल्याशिवाय आम्ही छपाईची प्लेट करत नाही.