रिफ्रेश मारून कॉम्प्युटर फास्ट होत नाही हो!

परवा दादरला मामांकडे गेलेलो, त्यांनी कॉम्प्युटर चालू केला आणि लगेच राईट क्लिक, रिफ्रेश, परत राईट क्लिक, रिफ्रेश, चहा येईपर्यंत तेच चालू. म्हटलं मामा हे काय, तर म्हणे "अरे, जरा मोकळा होतो ना तो". कॉम्प्युटर क्लासपासून चालत आलेली समजूत आहे ही, मीपण वर्षानुवर्षं केलंय.

तर रिफ्रेश म्हणजे फक्त डेस्कटॉपवर काय काय आहे ते परत वाचून आयकॉन परत दाखवणं, बस. नवी फाईल टाकली नि दिसेना, तर तेव्हा उपयोग. रॅमला, म्हणजे चालू प्रोग्रॅम जिथे राहतात त्या मेमरीला, ते हातही लावत नाही. आयकॉन लुकलुकतात म्हणून आपल्याला वाटतं काहीतरी साफ झालं!

खरी गडबड दुसरीकडे असते. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात स्टार्टअप बघा. मामांकडे ११ प्रोग्रॅम विंडोज चालू होतानाच विरार लोकलला चढावं तसे घुसत होते, त्यात कधीच भंगारात दिलेल्या प्रिंटरचाही एक! नको ते डिसेबल केले (अँटीव्हायरसला हात नाही लावला), रीस्टार्ट केलं, बराच फरक पडला.

फाईल सापडत नाही ही त्यांची दुसरी रड, त्यासाठी एव्हरीथिंग नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर टाकून दिलं, नाव टाईप करता करताच फाईल समोर.

मामा खूश. मी चपला घालत होतो तर मागून परत टिक टिक, टिक टिक.