लॉयलिस्ट कोण, तटस्थ कोण? अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली नेहमीची गल्लत

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावरच्या टिपणांमध्ये एक वाटणी हमखास सापडते: एक तृतीयांश लोक बंडाच्या बाजूने, एक तृतीयांश राजाच्या बाजूने, उरलेले काठावर. आधार म्हणून बंडाचा एक पुढारी जॉन ॲडम्स याच्या १८१५ मधल्या पत्राचा हवाला दिला जातो. पण त्या पत्रात ॲडम्स फ्रेंच राज्यक्रांतीविषयी अमेरिकेत कसं लोकमत होतं ते सांगतो आहे. आज जास्त मान्य असलेला अंदाज असा की लॉयलिस्ट, म्हणजे राजाशी एकनिष्ठ राहिलेले लोक, गोऱ्या लोकसंख्येच्या १५ ते २० टक्के होते. पण आकड्यापेक्षा मोठी चूक दुसरीच होते. ज्यांनी बंडाला साथ दिली नाही, त्या सगळ्यांना सरसकट लॉयलिस्ट धरलं जातं. त्यात तटस्थ माणूस गायब होतो, आणि त्याच्यावर झालेला अन्यायही.

फरक मनात काय होतं याचा नाही, हातून काय घडलं याचा आहे. लॉयलिस्टाने काहीतरी केलेलं असतं: प्रांतिक पलटणीत, म्हणजे ब्रिटिशांसाठी वसाहतीतच उभारलेल्या पलटणीत, नाव नोंदवलं, ब्रिटिश फौजेला रसद किंवा वाटाड्या पुरवला, ब्रिटिशांच्या ताब्यातल्या शहरात पद घेतलं, नाहीतर घरदार सोडून त्यांच्या छावणीचा आसरा घेतला. युद्धभरात सुमारे १९,००० वसाहतवाले अशा पलटणींत कधी ना कधी भरती झाले. पेनसिल्व्हेनियाचा जोसेफ गॅलोवे हे ठळक उदाहरण. तो १७७४ च्या पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसमध्ये, म्हणजे वसाहतींच्या एकत्र सभेत, प्रतिनिधी होता. पुढे ब्रिटिशांनी फिलाडेल्फिया घेतल्यावर त्याने तिथला पोलीस कारभार सांभाळला आणि १७७८ मध्ये फौजेबरोबरच शहर सोडलं. त्याची मालमत्ता जप्त झाली. राजावरच्या प्रेमानेच माणूस लॉयलिस्ट व्हायचा असंही नाही. व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर डनमोर याने नोव्हेंबर १७७५ मध्ये जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र धरतील ते मुक्त. त्यानंतर जे ब्रिटिशांकडे गेले ते स्वतःच्या सुटकेसाठी गेले, आणि तेही पुरते लॉयलिस्टच.

तटस्थाने दोन्हीकडचं काहीच केलेलं नसतं. क्वेकर, मेनोनाइट, मोरेव्हियन अशा ख्रिस्ती पंथांना शस्त्र धरणं धर्माने वर्ज्य होतं. त्यांच्याखेरीज शेत आणि घर सांभाळून लढाई दारावरून निघून जावी एवढीच इच्छा असलेली साधी माणसंही पुष्कळ होती. क्वेकरांच्या बाबतीत गुंता वाढला तो जानेवारी १७७६ मध्ये त्यांनी काढलेल्या जाहीर निवेदनामुळे. राज्य उलथवणं हे आमचं काम नाही, आहे त्या सत्तेखाली शांतपणे राहावं, असा त्याचा आशय होता. राजाच्या बाजूने लढा असं त्यात कुठेही नव्हतं. तरी देशभक्तांच्या, म्हणजे बंडाच्या बाजूच्या लोकांच्या, कानाला ती राजनिष्ठाच वाटली.

ही गल्लत कागदावर पक्की केली ती निष्ठेच्या शपथेने. पेनसिल्व्हेनियाचा १३ जून १७७७ चा कायदा पाहा. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक गोऱ्या पुरुषाने १ जुलैच्या आत न्यायाधीशापुढे जाऊन राजा जॉर्जची निष्ठा सोडायची, नव्या राज्याशी इमान राखण्याचं वचन द्यायचं, कानावर आलेली फितुरी कळवायचं कबूल करायचं आणि तसा दाखला घ्यायचा. दाखला नसेल तर मत नाही, पद नाही, ज्युरीत जागा नाही. येणं वसूल करायला दावा लावता येत नाही, जमीन घेता किंवा विकता येत नाही, घरातली शस्त्रं काढून घेतली जातात. आपल्या काउंटीबाहेर दाखल्याशिवाय सापडलात तर हेर समजून तुरुंग. शपथेऐवजी नुसतं प्रतिज्ञापूर्वक कथन करण्याची सोय कायद्यात होती, म्हणून ‘क्वेकर शपथच घेत नाहीत, म्हणून अडले’ हे स्पष्टीकरण अपुरं पडतं. त्यांची खरी हरकत अशी की युद्धाचा निकाल लागायच्या आधी एका सत्तेला नाकारून दुसरीला मान्यता देणं हेच युद्धात भाग घेणं आहे. कायद्याला मात्र शपथ न घेणारा शेतकरी आणि शत्रूला मिळालेला माणूस यांत भेद करता येत नव्हता.

ऑगस्ट १७७७ मध्ये अमेरिकी जनरल सलिव्हनने स्टेटन आयलंडवर सापडलेले काही कागद काँग्रेसकडे पाठवले. स्पँकटाउनच्या क्वेकरांच्या वार्षिक सभेच्या नावाने त्यांत अमेरिकी फौजेची माहिती लिहिलेली होती. या नावाची वार्षिक सभा क्वेकरांच्यात अस्तित्वातच नव्हती. तरीही २८ ऑगस्टला काँग्रेसने फिलाडेल्फियातल्या प्रमुख क्वेकरांना पकडण्याची शिफारस केली. जे सुटकेसाठी निष्ठेचं वचन द्यायला तयार झाले नाहीत, अशा सुमारे २० जणांना सप्टेंबरमध्ये खटल्याविना व्हर्जिनियातल्या विंचेस्टरला हद्दपार केलं. मुख्य न्यायाधीश मकीन याने त्यांना कोर्टापुढे हजर करण्याचा हुकूम दिला, तर विधानसभेने कायदा करून तो हुकूमच निष्प्रभ केला. दोघे जण तिथेच वारले. बाकीचे एप्रिल १७७८ मध्ये परतले. आरोप कधी ठेवलाच गेला नाही.

याच्या शेजारी त्याच पंथाची दुसरी दोन माणसं ठेवली की रेघ स्पष्ट दिसते. ब्रिटिशांच्या ताब्यात फिलाडेल्फिया असताना (सप्टेंबर १७७७ ते जून १७७८) अब्राहम कार्लाइल या सुताराने शहराच्या वेशीवर ये-जा करणाऱ्यांना परवाने देण्याचं काम पत्करलं. लोअर मेरियनचा गिरणीवाला जॉन रॉबर्ट्स त्याच हद्दपार क्वेकरांना सोडवायला घोडदळ पाठवा असं सांगायला ब्रिटिशांकडे गेला, आणि ब्रिटिशांना मदत केल्याचे इतर आरोपही त्याच्यावर होते. दोघांवर देशद्रोहाचा खटला चालला. हजारो लोकांनी दयेचे अर्ज केले, तरी ४ नोव्हेंबर १७७८ ला दोघांना फाशी झाली. शिक्षा फार कठोर होती असं माझं मत आहे. पण हे दोघे तटस्थतेच्या बाहेर पडले होते, आणि विंचेस्टरला गेलेल्यांविरुद्ध असं एकही कृत्य पुढे आलं नाही.

तटस्थांना फक्त बंडखोरांनी छळलं असं समजू नका. मे १७८० मध्ये चार्ल्सटन ब्रिटिशांच्या हाती पडल्यावर दक्षिण कॅरोलायनातले पुष्कळ मिलिशियावाले (गावोगावच्या नागरी फौजेतले लोक) ‘पुन्हा लढणार नाही’ अशा पॅरोलवर घरी गेले होते. ३ जूनला ब्रिटिश जनरल क्लिंटनने फर्मान काढलं: २० जूननंतर बहुतेकांचे पॅरोल रद्द, आता राजाची निष्ठा पत्करा नाहीतर शत्रू ठरा. घरी बसलेला माणूस अशा रीतीने पुन्हा लढाईत ढकलला गेला. तिथल्याच आयझॅक हेनने घरात देवीची साथ असताना नाइलाजाने निष्ठेच्या कागदावर सही केली. शस्त्र धरावं लागणार नाही असं त्याला सांगितलं होतं. पुढे शस्त्र धरण्याचा हुकूम आला तेव्हा करार मोडला असं मानून तो देशभक्तांच्या मिलिशियात गेला, पकडला गेला आणि ४ ऑगस्ट १७८१ ला त्याला चार्ल्सटनमध्ये फाशी दिलं.

जुना कागद हातात आला तर आधी बघा की तो कोणत्या कृत्याची नोंद करतो. शपथेच्या यादीत नाव नसणं म्हणजे लॉयलिस्ट असल्याचा पुरावा नव्हे. मिलिशियात न गेल्याचा दंड किंवा दंडाच्या वसुलीत उचलून नेलेली गुरं-भांडी हेही तटस्थतेशी जुळतं. बंडखोरांच्या स्थानिक कमिट्यांच्या कागदांत ‘टोरी’ (राजाचा माणूस) हा शिक्का कुणावरही मारलेला दिसतो, त्यावर एकट्यावर विसंबू नये. देशद्रोही म्हणून नाव जाहीर होऊन मालमत्ता जप्त झाली असेल, पलटणीच्या हजेरीपटात नाव असेल किंवा ब्रिटिश फौजेबरोबर जहाजावर चढल्याची नोंद असेल, तर पारडं लॉयलिस्टकडे झुकतं. शपथ घेतल्याची नोंदही फसवी असते. १७७६ च्या शेवटी ब्रिटिश जनरल हौच्या माफीनाम्याखाली न्यू जर्सीतल्या हजारोंनी राजनिष्ठेची शपथ घेतली. जानेवारी १७७७ मध्ये वॉशिंग्टनने हौकडून मिळालेले कागद जमा करून अमेरिकेची शपथ घ्यायला त्यांना ३० दिवसांची मुदत दिली. एकाच हिवाळ्यात एकाच माणसाच्या दोन शपथा सापडतात. म्हणून तारीख बघा, आणि त्या दिवशी गावात कोणाची फौज होती तेही.

युद्धानंतर ब्रिटिश सरकारलाच ही निवड करावी लागली. १७८३ मध्ये नेमलेल्या आयोगाने नुकसानभरपाई मागणाऱ्यांचे वर्ग पाडले: राजाची सेवा केलेले, शस्त्र धरलेले, शेवटपर्यंत एकनिष्ठ राहिलेले, आणि आधी अमेरिकेची शपथ घेऊन मग ब्रिटिशांना मिळालेलेसुद्धा. साक्षीदार आणि जमिनीचे कागद आणावे लागत. कॅनडात तिथला ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डॉर्चेस्टरने १७८९ मध्ये लॉयलिस्ट कुटुंबांना खास दर्जा दिला, त्यांच्या मुलांना २०० एकर जमिनीची तरतूद केली, आणि अट ठेवली ती युद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या तहाआधी राजाच्या निशाणाखाली आल्याची. फिलाडेल्फियातच राहिलेल्या क्वेकरांना यातलं काही लागू नव्हतं. त्यांच्यावरची शपथेची बंधनं पेनसिल्व्हेनियाने पुरती उठवली ती १७८९ मध्ये, तह होऊन सहा वर्षांनी.