दोन अँड्र्यू आणि एक महाभियोग

"वीस डॉलरच्या नोटेवरचा तो अध्यक्ष, त्याला महाभियोगाने काढून टाकलं होतं ना?" हा प्रश्न इतक्यांदा कानावर आलाय की आता उत्तर देताना माझा सूर चढतो. एका वाक्यात दोन चुका. पहिली फुटकळ आहे. दुसरी मात्र चांगलं वाचन असलेली माणसंही करतात.

फुटकळ आधी उरकू. नोटेवर आहे तो अँड्र्यू जॅक्सन: न्यू ऑर्लिन्सच्या लढाईचा सेनापती, १८२९ ते १८३७ अध्यक्ष, मूळनिवासींना मिसिसिपीपलीकडे हुसकावणारा. महाभियोग झाला तो अँड्र्यू जॉन्सनवर. लिंकनच्या खुनानंतर, एप्रिल १८६५ मध्ये, हा उपाध्यक्षाचा अध्यक्ष झाला. दोघेही टेनेसीचे, दोघेही डेमोक्रॅट, दोघेही गरिबीतून वर आलेले, तेव्हा गल्लत होणारच. जॅक्सन सैनिक, जॉन्सन शिंपी, एवढं लक्षात ठेवा. ग्रीनव्हिल गावात जॉन्सनचं खरोखरच शिवणाचं दुकान होतं, आणि शाळेची पायरी तो कधी चढलाच नाही. लिहिणं आणि हिशेब पक्का करून घेतला बायकोने, एलायझाने.

आता खरी मेख. जॉन्सनवर महाभियोग झाला, पण त्याला काढलं नाही. यात विरोधाभास वाटतो तो आपल्या शब्दामुळे. आपल्या राज्यघटनेच्या ६१व्या कलमात राष्ट्रपतींवरचा महाभियोग म्हणजे आरोपापासून पदच्युतीपर्यंतची अख्खी प्रक्रिया. अमेरिकेत तो शब्द अर्ध्या वाटेवरच थांबतो. तिथल्या संसदेला काँग्रेस म्हणतात; तिचं एक सभागृह, प्रतिनिधीगृह, साध्या बहुमताने फक्त आरोप ठेवतं, आणि तेवढ्यालाच महाभियोग म्हणतात. खटला चालतो दुसऱ्या सभागृहापुढे, सिनेटपुढे, आणि दोषी ठरवायला हजर सदस्यांपैकी दोन-तृतीयांश मतं लागतात. मला विचाराल तर मराठीत सरळ 'आरोपपत्र' लिहावं. आरोपपत्र दाखल झालं म्हणून कुणी तुरुंगात गेला असं आपण म्हणतो का?

जॉन्सनचंच बघा. सिनेटच्या संमतीने नेमलेल्या अधिकाऱ्यांना तिच्या संमतीशिवाय काढायचं नाही, असा कायदा काँग्रेसने १८६७ मध्ये त्याच्या नाकावर टिच्चून केला. त्याने २१ फेब्रुवारी १८६८ रोजी युद्धमंत्री स्टँटनला काढलं. स्टँटन हलेना, कचेरीतच दार लावून ठाण मांडून बसला. तीनच दिवसांत प्रतिनिधीगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी आरोप ठेवायचं ठरवलं. झाला महाभियोग. जॉन्सन मात्र अजून व्हाइट हाउसमध्येच.

१६ मे रोजी सिनेटमध्ये सरन्यायाधीश चेस एकेका सदस्याचं नाव पुकारून मत विचारत होते. सदस्य ५४, म्हणजे दोषी ठरवायला ३६ हवेत. मिळाले ३५. कॅन्ससच्या एडमंड रॉससकट सात रिपब्लिकनांनी पक्षाविरुद्ध 'निर्दोष' म्हटलं. दहा दिवसांनी आरोपांच्या आणखी दोन कलमांवर मतदान झालं, आकडा तोच आला आणि खटला आटोपला. जॉन्सनने मुदत पूर्ण केली, मार्च १८६९ पर्यंत.

सुटला म्हणजे थोर होता, असं मात्र कृपा करून लिहू नका. मुक्त झालेल्या काळ्या लोकांना नागरी हक्क देणारा १८६६ चा कायदा त्याने नकाराधिकाराने अडवला होता. काँग्रेसने तो नकार डावलून कायदा केला. माझ्या मते अध्यक्ष म्हणून तो वाईटच. पण वाईट अध्यक्ष आणि काढलेला अध्यक्ष या दोन गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या प्रकारातला अमेरिकेत आजवर एकही नाही. निक्सनसुद्धा नाही: प्रतिनिधीगृहात मतदान व्हायच्या आतच त्याने राजीनामा दिला, त्यामुळे त्याच्यावर तर महाभियोगही झाला नाही.

जॉन्सन मार्च १८७५ मध्ये टेनेसीतून निवडून येऊन सिनेटर म्हणून परतला, ज्या सिनेटने त्याचा खटला चालवला होता तिथेच. जुलै संपता संपता तो वारला.