अ‍ॅनोडायझिंग, घरगुती (कोकण किनारपट्टी)

अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर मुळातच असलेला ऑक्साइडचा पापुद्रा विजेच्या साहाय्याने जाड करण्याची प्रक्रिया म्हणजे अ‍ॅनोडायझिंग. वस्तू आम्लात बुडवून विजेच्या धन टोकाला, म्हणजे अ‍ॅनोडला जोडतात, त्यावरून हे नाव पडले. थर धातूतूनच वाढत असल्याने तो ऑइलपेंटसारखा सोलून निघत नाही. शिवाय तो सूक्ष्म छिद्रांनी भरलेला असतो आणि त्या छिद्रांत रंग मुरवता येतो.

आमसुलाचे सार अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवू नये असे घरातल्या मोठ्या बायका बजावतात, त्याचे कारण हाच पापुद्रा. आंबट आणि खारट पदार्थ त्याला खातात. निसर्गतः त्याची जाडी जेमतेम २ ते ४ नॅनोमीटर असते. किनाऱ्यालगतच्या घरांत खारा वारा त्याला पुरून उरतो, मग खिडकीच्या चौकटींवर पांढरी भुकटी आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसू लागतात. अ‍ॅनोडायझिंगने हा थर १० ते २५ मायक्रॉनपर्यंत, म्हणजे काही हजार पट जाड होतो. या तंत्राचा जन्मही खाऱ्या पाण्यापायीच झाला: १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये बेंगॉफ आणि स्टुअर्ट यांनी समुद्री विमानांचे ड्युरॅल्युमिनचे (अ‍ॅल्युमिनियमचा एक मिश्रधातू) भाग वाचवण्यासाठी क्रोमिक आम्लाची पद्धत काढली. ते आम्ल फार विषारी, घरी त्याचे नावही काढू नये. घरगुती काम चालते ते १९२७ च्या सुमारास पुढे आलेल्या गंधकाम्लाच्या पद्धतीने.

सगळ्यात आधी मिश्रधातू पाहावा. खिडक्यांच्या सेक्शनचा ६०६३ हा प्रकार उत्तम, आणि त्याचे तुकडे फॅब्रिकेटरकडे पडलेले असतात. मात्र ते बहुधा आधीच अ‍ॅनोडायझ केलेले असतात. ऑक्साइड वीज वाहून नेत नाही, त्यामुळे मल्टिमीटरची दोन टोके पृष्ठभागावर टेकवली की लगेच कळते. जुना थर कॉस्टिक सोड्यात उतरवावा लागतो. मोटारसायकलचे ओतीव भाग रंगवायचा हट्ट पुष्कळ जण धरतात, पण ओतकामात सिलिकॉन जास्त असल्याने ते करडे आणि डागाळ निघतात.

द्रावणासाठी बॅटरीचे आम्ल, म्हणजे गंधकाम्लच, आणि तेवढेच डिस्टिल्ड वॉटर घेतले की साधारण १५ ते २० टक्क्यांचे आम्ल तयार होते. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही. ऋण टोकाला शिशाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावतात. वस्तू अ‍ॅल्युमिनियमच्याच तारेने घट्ट टांगावी, कारण तांब्याची किंवा लोखंडी तार आम्लात विरघळते. प्रवाह दर चौरस डेसिमीटरला १ ते १.५ अँपिअर ठेवावा. १० गुणिले ५ सेंटिमीटरच्या पत्र्याच्या दोन्ही बाजू मिळून बरोबर १ चौरस डेसिमीटर भरतात. १२ ते १८ व्होल्टवर पाऊण तासात रंग धरण्याजोगा थर येतो.

कृती कुठेही हीच. कोकणात ती फसते पाणी आणि उष्मा यांमुळे. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. त्यातले क्लोराइड द्रावणात उतरले की वस्तूला खड्डे पडतात, म्हणून तिथे विहिरीचे पाणी वापरू नये. धुण्यासाठी पावसाचे साठवलेले स्वच्छ पाणी चांगले. द्रावण १८ ते २२ अंश सेल्सिअसला हवे, आणि मे महिन्यात साधे पाणीच तिशीच्या घरात असते. वर प्रवाहाने द्रावण आणखी तापते. गरम द्रावणात थर वाढता वाढता विरघळतो आणि बोटाला खडूसारखा लागतो. मासळीसाठी मिळणारी बर्फाची लादी इथे उपयोगी पडते, पण बर्फ टबाच्या बाहेर रचायचा; आत टाकल्यास आम्ल पातळ होते आणि बर्फातले क्षारही त्यात जातात. मध्येच लाईट गेली तर वस्तू आम्लात ठेवून वाट पाहू नये, काढून धुवावी.

आम्ल पूर्ण धुऊन निघाल्यावर वस्तू ५० ते ६० अंशांच्या रंगात १०–१५ मिनिटे ठेवतात. त्याआधीचे धुणे गार पाण्यातच करावे, गरम पाण्याने छिद्रे मिटतात आणि रंग आत शिरत नाही. शेवटी ती मिटवायचीच असतात: डिस्टिल्ड पाण्यात ९५ अंशांच्या वर अर्धा तास उकळल्याने ऑक्साइड पाणी शोषून फुगतो आणि रंग आत कोंडला जातो. हौशी माणसे रंगावर जीव टाकतात आणि इथे घाई करतात. खाऱ्या हवेत वस्तू टिकते की नाही ते मात्र मुख्यतः थराची जाडी आणि हे उकळणे यांवर ठरते.

काम मागच्या पडवीत किंवा उघड्यावर, चष्मा आणि रबरी हातमोजे घालून करावे. ऋण टोकाला हायड्रोजन सुटतो, जवळ चूल नको. वापरलेले आम्ल खाण्याचा सोडा थोडा थोडा घालून, फेस थांबेपर्यंत शमवावे. शिशाचा पत्रा वापरला असेल तर ते शमवल्यावरही व्हाळात किंवा माडाच्या आळ्यात ओतू नये.

काळा रंग उन्हात बराच टिकतो, बरेचसे लाल-जांभळे सेंद्रिय रंग विटतात. थर जाड होताना माप किंचित वाढते, त्यामुळे बारीक आटे घट्ट बसतात. होडीवरच्या भागांत स्टेनलेसचा स्क्रू लावायचा झाल्यास मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा, नाहीतर जिथे थर खरवडला जातो तिथूनच समुद्राचे पाणी अ‍ॅल्युमिनियम खाऊ लागते.