दाभोळ ते गोवळकोट : ट्रॉलरवरचा एक दिवस (बुकिंगआधी वाचावे)

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो : बोट किती वाजता सुटते? कोजागरीला म्हणाल तर सकाळी सात. त्यानंतर दोन दिवसांनी साडेआठ. अष्टमीला लांबची फेरी नाहीच. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हे ऐकून आम्ही टाळाटाळ करतोय असं वाटतं. आमची वेळ घड्याळ ठरवत नाही, भरती ठरवते, म्हणून हे पत्रक. पाच मिनिटं काढून वाचलंत तर तारीख निवडणं सोपं जाईल.

पाण्याचं गणित

वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते, चिपळूणवरून वाहते आणि दाभोळला समुद्राला मिळते. चिपळूणच्या वेशीपर्यंत भरतीचं पाणी चढतं. हा जवळपास 45 किलोमीटरचा पट्टा 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 28 म्हणून जाहीर झाला आहे. कागदावर जलमार्ग असला तरी वरच्या अंगाला जागोजागी गाळ आणि वाळूचे दांडे आहेत. आमच्या बोटीला खाली निदान पाच फूट पाणी लागतं. ओहोटीला तेवढं मिळत नाही.

म्हणून चढत्या भरतीबरोबर वर जायचं, चिपळूणजवळच्या गोवळकोटला जेवायचं आणि उतरत्या पाण्याबरोबर परत यायचं. दोन्ही वेळा प्रवाह पाठीशी असतो. डिझेल कमी लागतं आणि बोट रुतायची भीती राहत नाही.

पूर्ण भरती कधी येईल याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नवाच्या सुमारास पाणी भरलेलं असणार. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. वद्य पक्षालाही तिथी तशीच प्रतिपदेपासून मोजायची. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि वर चिपळूणच्या बाजूला तेच पाणी दाभोळनंतर बऱ्याच उशिराने पोचतं. बोटीची पक्की वेळ आम्ही भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकावरून काढतो आणि आदल्या दिवशी संध्याकाळी कळवतो. तारीख निवडायला मात्र घरातलं कालनिर्णय पुरेसं आहे.

द्वादशीपासून पुढच्या द्वितीयेपर्यंतचे दिवस लांबच्या फेरीला उत्तम. तेव्हा उधाण असतं, पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं आणि उजेडातच जाऊन येता येतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी धड चढत नाही, आणि चढतं ते भल्या पहाटे नाहीतर दिवेलागणीला. त्या दिवसांत आम्ही दुपारनंतर खाडीच्या मुखाशीच दोन-अडीच तास फिरवतो.

शरदातच का

दिवाळीच्या मागेपुढे येणाऱ्यांना आम्ही मुद्दाम हेच सांगतो : आत्ताच या. मे महिन्यात डोंगर करपलेले असतात आणि पावसाळ्यात आम्ही बोट किनाऱ्यावर ओढून ठेवतो. आश्विन-कार्तिकात मात्र दोन्ही काठ अजून हिरवे असतात, खाचरांत भातकापणी चाललेली असते आणि पावसाचं गढूळ पाणी निवळायला लागलेलं असतं. सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो, पाणी शांत असतं. दुपारी खारा वारा उलटा सुटतो. परतीच्या वाटेवर तो तोंडावर लागतो आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात हवाहवासा वाटतो.

या दिवसांत दुपारनंतर परतीचा पाऊस गडगडाटासह येऊ शकतो. विजा चमकायला लागल्या की आम्ही मिळेल त्या धक्क्याला बोट लावतो आणि थांबतो. मग परतायला एखादा तास उशीर होईल. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढून येऊ नका.

वाटेत काय दिसतं

दाभोळ सोडताना मागे वळून पाहा. दक्षिणेच्या टेकाडावर अंजनवेलचा गोपाळगड आणि त्याच्या पलीकडे टाळकेश्वरचं दीपगृह. त्याच बाजूला वीज प्रकल्पाच्या चिमण्याही दिसतात. फोटोत त्या नको असतात म्हणून लोक कॅमेरा फिरवतात, पण दाभोळ हे नाव देशभर पोचलं ते त्यांच्याच पायी. दाभोळच्या काठाला सतराव्या शतकातली दगडी मशीद आहे, गावात तिला अंडा मशीद म्हणतात. आज शांत दिसणारं हे बंदर बहमनी आणि आदिलशाही काळात अरबस्तान-इराणशी व्यापार करणारं मोठं ठाणं होतं. डिसेंबर 1508 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने ते लुटून जाळलं. मशीद नीट पाहायची तर आदल्या दिवशी मुक्कामाला या. फेरीच्या दिवशी भरती थांबत नाही.

धोपाव्याला जाणारी फेरीबोट ओलांडली की खाडी वळणं घ्यायला लागते आणि दोन्ही अंगांनी कांदळवन सुरू होतं. पाण्याच्या कडेला चिपी, आत तिवर, आणि कमानीसारखी मुळं टेकवून उभा असतो तो कांदळ. इथे आम्ही इंजिन हळू करतो. काळ्या डोक्याचा खंड्या कांदळवनातच दिसतो, त्याच्यासाठी दुर्बीण आणाच. बगळे, पाणकावळे आणि ब्राह्मणी घारी भरपूर. तुतवारांसारखे हिवाळी पाहुणे या सुमाराला आलेले असतात.

मधूनच खुंटांना बांधलेली जाळी दिसतील. ती खाडीवर पोट असणाऱ्या भोई-खारव्यांची. आमचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, त्यांना मोठा वळसा घालतो. उशीर झाला तरी चालेल, जाळं तुटता कामा नये. खाडीत मासळी पूर्वीसारखी राहिलेली नाही हेही इथेच सांगून टाकतो. औद्योगिक सांडपाणी आणि वाळूचा उपसा, दोन्हींचा मार खाडीने खाल्ला आहे. एखाद्या ठिकाणी पाण्याला वास आला तर तो आमच्या बोटीचा नव्हे.

पुढे खेडकडून आलेली जगबुडी मिळते आणि पाण्याचा रंग बदलू लागतो. वाशिष्ठीची आणखी एक खासियत इथून वर जाणवते. कोयनेच्या शिवसागर जलाशयातलं पाणी बोगद्यांतून पोफळीकडे उतरवून त्यावर वीज तयार होते, आणि काम झालेलं ते पाणी या नदीत सोडलं जातं. म्हणजे एरवी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं ते पाणी तुमच्या बोटीखालून अरबी समुद्राला चाललेलं असतं. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटतात, ही बारमाही वाहते ती त्यामुळे.

गोवळकोटला धक्का आहे आणि वर टेकडीवर गोविंदगड. रस्ते धड नव्हते तेव्हा मुंबईची आगबोट दाभोळला लागायची आणि चिपळूणची माणसं छोट्या लाँचने इथपर्यंत यायची. आपण जातो ती वाट तीच. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूण बुडालं, त्यानंतर नदीतला गाळ काढायचं मोठं काम झालं. तरीही दर पावसाळ्यानंतर दांडे जागा बदलतात. हंगामाच्या सुरुवातीला आम्ही होडीतून काठीने खोली मोजत पूर्ण वाट तपासतो आणि मगच पहिली फेरी लावतो.

मगरींबद्दल खरं ते

वाशिष्ठीत मगरी आहेत. पण त्या ऊन खायला चिखलावर येतात आणि चिखल उघडा पडतो ओहोटीला. आम्ही वर जातो भरतीला. तेव्हा ट्रॉलरवरून मगर दिसेलच असा शब्द देत नाही. मुलांना फक्त मगरच पाहायची असेल तर आमच्याकडे पैसे घालवू नका. थंडी पडल्यावर, भर दुपारी ओहोटी असेल असा अष्टमीच्या जवळचा दिवस पाहून रस्त्याने मालदोलीला जा आणि तिथून छोटी होडी घ्या. आमच्या बोटीवर एकच नियम : पाण्यात हात-पाय सोडायचे नाहीत.

बोट आणि जेवण

आमचा ट्रॉलर लाकडी आहे, पूर्वी मासेमारीचा. जाळं ओढायचं विंच काढून तिथे बाकं आणि ताडपत्रीचं छत केलं, मासळीच्या खणात आता लाइफ जॅकेटं आणि सामान राहतं. मासेमारीच्या परवान्यावर प्रवासी नेता येत नाहीत, म्हणून महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडून प्रवासी नौका म्हणून वेगळी तपासणी आणि परवाना घेतला. तो केबिनमध्ये लावलेला आहे. दुसऱ्या कुणाच्या बोटीत बसलात तरी तो पाहायला मागा, संकोच करू नका. प्रवाशांची संख्या त्यावर लिहिलेली असते. त्याच्यावर एक जीवही आम्ही घेत नाही, कडेवरचं मूलसुद्धा मोजतो.

इंजिनाचा आवाज आहे. मागच्या बाकावर बोलायचं तर गळा काढावा लागतो. आजी-आजोबांना पुढे नाळेकडे बसवा. शौचालय आहे पण चिंचोळं, आणि कमोड नाही. खाडीत लाटा नसल्याने बोट लागत नाही. मुखाशी थोडी डोलते तेवढंच.

जेवण बोटीवर शिजवत नाही. दाभोळहून घरचे डबे घेतो : तांदळाची भाकरी, त्या दिवशी मिळालेल्या मासळीचं कालवण, भात, सोलकढी. मासळी कोणती ते आदल्या रात्रीपर्यंत आम्हालाही ठाऊक नसतं, त्यामुळे सुरमईच हवी असा आग्रह धरू नका. शाकाहारी डब्यात कुळथाची पिठी आणि भाजी. नवरात्रात सगळेच डबे शाकाहारी. दारू चालत नाही, आणलेली आढळली तर फेरी तिथेच संपते.

रद्द होण्याबद्दल

बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेचा इशारा, लागला की बोट सुटत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळं होतात, आणि आकाश निरभ्र असतानाही बावटा लागलेला असू शकतो. अशा वेळी पूर्ण पैसे परत, किंवा पुढच्या उधाणाची तारीख. तुम्ही स्वतः रद्द केलंत तर तीन दिवस आधी कळवा. त्यानंतर डब्यांचे पैसे कापून बाकीचे देतो. सुटायच्या वेळेनंतर पंधरा मिनिटं थांबतो, त्याहून जास्त थांबलो तर परतीला पाणी पुरत नाही. मुंबईहून रात्रभर गाडी चालवून थेट धक्क्यावर यायचा बेत असेल तर घाटातल्या ट्रकांचा हिशेब धरूनच निघा.