डिझेल ‘लवकरच’: एका रेंगाळलेल्या एसयूव्हीची पार्श्वभूमी

२०१६ च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसच्या मोटार शोमध्ये माझदाने नवी सीएक्स-५ लोकांसमोर आणली आणि त्याच दमात जाहीर केलं, की अमेरिकेत ही गाडी डिझेलवरही मिळेल, २०१७ च्या उत्तरार्धात. पाच माणसं आणि त्यांचं सामान आरामात मावेल अशी एसयूव्ही आणि वर डिझेलची ओढ! अमेरिकेत अशा गाडीचे चाहते मूठभर, पण चिवट. २०१७ सरलं, २०१८ गेलं. गाडी विक्रीला येत असल्याचं कंपनीने अखेर २०१९ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या शोमध्ये सांगितलं.

इंजिन तयार नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. २.२ लिटरचं हेच स्कायॲक्टिव्ह-डी घराण्यातलं इंजिन २०१२ पासून जपानमध्ये आणि युरोपात सीएक्स-५ मध्येच धावत होतं. उशीर कुठे झाला हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन आउग्सबुर्गला १८९७ मध्ये चाललं, पण विक्रीच्या मोटारीत ते धडपणे बसायला जवळजवळ चाळीस वर्षं गेली. १९३६ ची मर्सिडीज २६० डी म्हणजे २.६ लिटर आणि अवघी ४५ अश्वशक्ती. टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली. घरच्या गाडीत एवढा खडखडाट कोण सहन करणार? १९७३ च्या तेलसंकटाने हिशेब बदलला आणि १९७६ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ डिझेलवर आली. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९७८ च्या मॉडेलपासून ओल्ड्समोबिलचं ५.७ लिटरचं व्ही-८ डिझेल आणलं आणि घाई अंगाशी आली. डिझेलचा दाब पेट्रोलहून कितीतरी जास्त. हेडचे बोल्ट तो पेलेनात. इंधनातलं पाणी वेगळं करणारा फिल्टरही दिलेला नव्हता, त्यामुळे पंप गंजायचे. १९८५ मध्ये ते इंजिन बंद झालं. अमेरिकन ग्राहकाच्या मनातून डिझेल तेव्हा जे उतरलं, ते पुन्हा पुरतं चढलं नाही.

युरोपात मात्र उलट घडलं. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मध्ये कॉमन रेल आलं. जुन्या पद्धतीत इंजिन जितकं जोरात फिरेल तितकाच पंपाचा दाब. इथे दाब एका नळीत आधीच तयार ठेवायचा आणि इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरने हवं तेव्हा, हवं तेवढं, थोडंथोडं करून इंधन सोडायचं. खडखड बसली, धूर कमी झाला, ओढ वाढली. साधारण २०११ पर्यंत पश्चिम युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या. एसयूव्हीला तर हे इंजिन मापाने शिवल्यासारखं. गाडी जड, पुढून रुंद, कधी मागे ट्रेलर; अशा वेळी इंजिन सावकाश फिरत असतानाच मिळणारा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारी ओढच, उपयोगी पडतो.

तेव्हाही वाट पाहावी लागायचीच, फक्त कारण साधं असायचं. होंडा सीआर-व्ही १९९५ मध्ये जपानमध्ये आली आणि पुढे युरोपात गेली ती पेट्रोलवर. होंडाकडे मोटारीचं स्वतःचं डिझेल इंजिनच नव्हतं. सिव्हिकसाठी ते इसुझूकडून घ्यावं लागे. शेवटी काम दिलं गेलं होंडाचे इंजिन अभियंते केनिची नागाहिरो यांच्याकडे. व्हीटेकसारख्या पेट्रोल तंत्राचा हा माणूस, डिझेलवर त्याचा राग जगजाहीर. कदाचित म्हणूनच इंजिन इतकं शांत झालं. ते आधी अकॉर्डमध्ये बसलं, मग सीआर-व्हीमध्ये. इंजिन नव्हतं म्हणून गाडी नव्हती; इंजिन झालं, गाडी आली. ग्राहकाला एवढं समजून घेता येत होतं.

नंतरचा उशीर वेगळ्या जातीचा. तो इंजिनात नाही, इंजिनाच्या मागच्या धुराच्या नळीत आहे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन अगदी मोजून मिसळलेलं असतं, त्यामुळे धुरात ऑक्सिजन जवळपास उरतच नाही. तिथे एकच त्रिमार्गी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजन ऑक्साइड या तिन्ही घातक वायूंचा निकाल लावतो. डिझेल नेहमी जादा हवेत जळतं. मायलेजचं एक गुपित तेच, आणि दुखणंही तेच. कारण धुरात ऑक्सिजन शिल्लक असला, की तो कन्व्हर्टर नायट्रोजन ऑक्साइडपुढे हात टेकतो. बरं, जळण्याचं तापमान वाढवावं तर नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. धुराचा काही भाग परत सिलिंडरमध्ये फिरवून तापमान उतरवावं, तर काजळी वाढते. एक दाबलं की दुसरं वर येतं. काजळीवर उपाय निघाला: २००० मध्ये प्यूजो ६०७ मध्ये फिल्टर बसला, काजळी अडवणारा आणि अधूनमधून ती जाळून स्वतःला मोकळं करणारा. नायट्रोजन ऑक्साइडसाठी युरियाचं ३२.५ टक्के द्रावण धुरात फवारायची पद्धत मालमोटारींतून मोटारीत आली. मग त्याची वेगळी टाकी आली. द्रावण उणे ११ अंशांना गोठतं, म्हणून टाकीला हीटर आला. पंप, सेन्सर आले, आणि हे सगळं पाचवा दरवाजा नि मागचं सीट न हलवता बसवायचं. पेट्रोल गाडीला यातलं काहीच लागत नाही, म्हणून ती आधी शोरूममध्ये उभी राहते.

कायद्यांनी दोन खंडांची वाट वेगळी केली. युरोपच्या युरो-५ नियमात पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे ०.०६ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, डिझेलला ०.१८, म्हणजे सरळ तिप्पट. अमेरिकेच्या टिअर-२ नियमाला इंधनाशी देणंघेणं नव्हतं. कंपनीच्या गाड्यांची सरासरी मैलामागे ०.०७ ग्रॅम, किलोमीटरच्या हिशेबात सुमारे ०.०४. तेही गाडी नवी असताना नव्हे, १ लाख २० हजार मैल धावल्यानंतर. त्यात अमेरिकेत १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) गंधकाचं डिझेल २००६ मध्ये आलं; त्याआधी मर्यादा ५०० होती, आणि एवढ्या गंधकापुढे असले फिल्टर-कन्व्हर्टर टिकत नाहीत. युरोपातली गाडी उचलून अमेरिकेत नेता येत नव्हती ती यामुळे.

फोक्सवॅगनने ती नेली. जेट्टा टीडीआय २००८ मध्ये, ठरल्यापेक्षा उशिराने अमेरिकेत उतरली, तीही युरियाच्या टाकीशिवाय. आणि तिच्या स्वच्छतेचं कौतुक झालं. कौतुक फसवं होतं. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पथकाने २०१३ मध्ये गाड्या रस्त्यावर मोजल्या आणि आकडे प्रयोगशाळेशी जुळेनात. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, नोटीस काढली: चाचणी चालू आहे हे सॉफ्टवेअर ओळखतं, आणि एरवी मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडतं. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. नोव्हेंबरात तीन लिटरच्या डिझेलवर दुसरी नोटीस निघाली, त्यात टुआरेग, केयेन, क्यू५ अशा एसयूव्हीही आल्या.

पहिल्या नोटिशीच्याच महिन्यात, सप्टेंबरात, ईपीएने सर्व कंपन्यांना कळवलं होतं, की यापुढे ठरावीक चाचणीबाहेरही गाड्या तपासल्या जातील. कशा, ते सांगितलं नाही, सांगायचं नव्हतंच. विक्रीआधी घ्याव्या लागणाऱ्या ईपीएच्या प्रमाणपत्राची रांग तिथून खऱ्या अर्थाने अडली. जीप ग्रँड चेरोकीच्या डिझेलवर २०१७ च्या जानेवारीत नोटीस आली, आणि त्या वर्षीच्या मॉडेलला मंजुरी मिळायला जुलै उजाडला. मर्सिडीजने तर २०१७ च्या डिझेल गाड्यांसाठी अमेरिकेत मंजुरी घेण्याचा नादच सोडला. युरोपही सुटला नाही. २०१८ च्या सप्टेंबरात धूर आणि इंधनाचा खप मोजणारी डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी सर्व नव्या गाड्यांना लागू झाली. इंजिन, गिअरबॉक्स यांच्या प्रत्येक जोडीची नव्याने तपासणी करता करता फोक्सवॅगनची इतकी तारांबळ उडाली, की मंजुरीअभावी अडकलेल्या गाड्या बर्लिनच्या रखडलेल्या विमानतळावर नेऊन लावाव्या लागल्या. रखडलेल्या गाड्या, रखडलेला विमानतळ; जोडी शोभून दिसली असणार.

आता माझदा. या कंपनीची फुशारकी वेगळीच होती आणि ती पोकळ नव्हती. तिच्या डिझेलचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाबण्याचं प्रमाण, १४ ला १, म्हणजे त्या काळच्या इतर डिझेलपेक्षा बरंच कमी. त्यामुळे ज्वलन थंड होतं, नायट्रोजन ऑक्साइड मुळातच कमी तयार होतात आणि युरियाची यंत्रणा न लावता युरो-६ पार होतं. हाच डाव अमेरिकेत खेळायचा होता. माझदा-६ ची डिझेल आवृत्ती २०१३ च्या उत्तरार्धात येणार होती, मग २०१४ चा वसंत ठरला आणि २०१४ च्या जानेवारीत ती बेमुदत लांबणीवर पडली. नियम पाळता येतील, पण मग गाडी आमच्या पसंतीची पळत नाही, असा कंपनीचा सूर होता. सीएक्स-५ ची २०१६ ची घोषणा झाली ती हा अनुभव गाठीशी असताना, फोक्सवॅगनच्या घोटाळ्याला वर्ष उलटून गेल्यावर आणि अधिक कडक टिअर-३ नियम तोंडावर असताना. धाडस म्हणा किंवा हट्ट. मला तो हट्टच वाटतो, कारण २०१९ मध्ये गाडी शेवटी आली तेव्हा तिच्यात युरियाची टाकी होतीच.

आणि आली ती कशी? फक्त सगळ्यात महाग सिग्नेचर आवृत्तीत, चारही चाकांना ताकद देणारी, किंमत सुमारे ४१ हजार डॉलर. १६८ अश्वशक्ती, २९० पाउंड-फूट टॉर्क. दरम्यान त्याच गाडीत २.५ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन येऊन बसलं होतं आणि त्याचा टॉर्क ३१० होता. डिझेलची ओढ म्हणून थांबलेल्यांना पेट्रोलने ओढीतच मागे टाकलं. मायलेजचे सरकारी आकडे शहरात २७, हायवेवर ३०, एकत्रित २८ मैल प्रति गॅलन. साध्या पेट्रोल इंजिनाच्या चारचाकी-चालनाच्या सीएक्स-५ चे २४, ३० आणि २६. हायवेवर, जिथे डिझेल हमखास जिंकायचं, तिथे बरोबरी. थोड्याच काळात ती अमेरिकेच्या यादीतून गेली.

भारतात याच सुमारास रांग उलटी लागली होती. मारुतीची व्हिटारा ब्रेझा २०१६ पासून फक्त डिझेलवर मिळायची. बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० ला लागू होणार म्हणून कंपनीने डिझेल सोडायचं ठरवलं आणि पेट्रोल ब्रेझाची वाट पाहणाऱ्यांना ती २०२० च्या फेब्रुवारीत मिळाली.

माझदाने मात्र डिझेल सोडलेलं नाही. २०२२ मध्ये जपानमध्ये सीएक्स-६० सोबत ३.३ लिटरचं, सहा सिलिंडरचं नवं डिझेल इंजिन आलं. तीन रांगांची मोठी सीएक्स-९० ऑस्ट्रेलियात त्याच इंजिनासह विकली जाते. अमेरिकेतली सीएक्स-९० पेट्रोलवर किंवा प्लग-इन हायब्रिड आहे, आणि या वेळी तिथे कंपनीने डिझेलचं नावही काढलं नाही.