अठरा पूर्ण होईपर्यंत थांबावे का?

ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या ओळखीच्या घरातील एक आई पंधरा वर्षांच्या मुलाची मान रोज डाळीचे पीठ लावून घासत असे. मानेवरचा तो काळा पट्टा मळाचा नव्हता. शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण होती. मुलाचे वजन ११० किलो आणि उंची १६५ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४० होता. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी तपासणी सुचवली गेली, तेव्हा वडिलांनी विचारले, "अठरा पूर्ण झाल्यावर बघितले तर नाही का चालणार?"

अठरा हा आकडा कायद्याचा आहे, जठराचा नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ साली पुरस्कारलेले या शस्त्रक्रियेचे निकष प्रौढांपुरते होते आणि पुढे किशोरांचा विचार सुरू झाला, तेव्हाही हाडांची वाढ जवळपास पुरी झालेली असावी, अशी अट असे. तेथील बेरिॲट्रिक, म्हणजे वजन घटवण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या, शल्यविशारदांच्या संघटनेने २०१८ मध्ये ती अट सोडून दिली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या बालरोग अकादमीने तीव्र लठ्ठपणा असलेल्या १३ वर्षांपुढील मुलांना अशा तपासणीसाठी पाठवण्याचा पर्याय द्यावा, असे सांगितले; अर्थात तपासणीला पाठवणे म्हणजे थेट टेबलावर घेणे नव्हे.

थांबण्याची किंमत साध्या हिशेबात दिसते. ही शस्त्रक्रिया झालेल्या १३ ते १९ वयोगटातील २४२ मुलामुलींच्या अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांनंतर वजन सरासरी २७ टक्क्यांनी घटलेले आढळले. त्या प्रमाणात ११० किलोचा मुलगा ८० किलोवर येईल, परंतु वाट पाहता पाहता तो १५० किलोवर गेला, तर शस्त्रक्रियेनंतर पुन्हा ११० किलोवरच येऊन थांबेल. मधुमेहाचेही तसेच आहे: शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी मधुमेही किशोरांपैकी ८६ टक्क्यांचा, तर प्रौढांपैकी ५३ टक्क्यांचाच मधुमेह मागे हटलेला होता.

मात्र त्या २४२ मुलामुलींच्या अभ्यासात तीन वर्षांनी निम्म्याहून अधिक मुलांमध्ये लोहाचा साठा कमी झालेला होता, आणि पाळी सुरू झालेल्या मुलींच्या बाबतीत ही गोष्ट मला वयाच्या वादाहून अधिक गंभीर वाटते. वजन घटवण्याच्या 'स्लीव्ह' नावाच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कायमचा काढला जातो, त्यामुळे बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात.

डॉक्टरांनी वडिलांच्या प्रश्नाला लगेच उत्तर दिले नाही. त्यांनी मुलालाच विचारले, "उद्या होस्टेलवर गेलास, की गोळ्यांची आठवण कोण करणार?" मुलाने आधी आईकडे पाहिले.